नागपूर ते टोरंटो: मी सांगितलेले पंधरा तास

मोबाईलवर विचारलं की उत्तर एका ओळीत येतं. नागपूर ते टोरंटो, अंतर साधारण बारा हजार पाचशे किलोमीटर, उड्डाणाचा वेळ अंदाजे पंधरा तास. खाली जगाचा नकाशा आणि त्यावर एक छान वाकडी निळी रेघ. मी ती ओळ वाचली, मुलीला फोनवर सांगितली आणि या प्रवासातली सगळ्यात मोठी चूक तिथेच झाली. तिकीट काढायच्याही आधी.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला सर्वेक्षक. कालव्यांची मोजणी करण्यात पस्तीस वर्षं गेली. बायको कुंदा. आम्ही राहतो नागपूरच्या जुन्या महाल भागात, जिथे गल्लीत ऑटो शिरला तर समोरच्या स्कूटरला मागे जावं लागतं. एकुलती एक मुलगी स्नेहल सहा वर्षांपासून कॅनडात आहे, टोरंटोपासून शंभर किलोमीटरवरच्या एका शहरात. ती आणि तिचा नवरा या वर्षी वेगळे झाले, तेव्हा तिला तिसरा महिना होता. त्याबद्दल इथे काही लिहायची तिने मला परवानगी दिलेली नाही, म्हणून तेवढंच.

आमचं जायचं ठरलं होतं, पण बाळ झाल्यावर. "आधी येऊन काय कराल? मी करते सगळं," असं ती आठ महिने म्हणत होती. त्यामुळे व्हिसा झालेला होता आणि तिकिटं सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली काढायची होती. मग त्याच महिन्याच्या सुरुवातीला एका गुरुवारी संध्याकाळी तिचा फोन आला. तिकडे सकाळ होती.

"बाबा, डॉक्टर म्हणते बीपी वाढून राहिलं. तारखेपर्यंत थांबायचं नाही. शनिवारी सिझर करू म्हणते. नाहीतर रोज तपासून फार तर मंगळवारपर्यंत थांबू."

"मग?"

"मग काही नाही. इथे यायला किती वेळ लागतो, बाबा?"

दुसऱ्या हातात कुंदाचा मोबाईल होता. मी पाहिलं आणि ऑफिसात साहेबाला आकडा सांगायचो त्याच आवाजात सांगितलं, "पंधरा तास."

"मग मी मंगळवार सांगते त्यांना. तुम्ही दोघं या."

कुंदा ओट्यापाशी उभी राहून ऐकत होती. "पंधराच? बसनं नाशिकले जायले तेवढे लागते," ती म्हणाली आणि डोळे पुसायला लागली. मला मात्र त्या क्षणी फार बरं वाटलं होतं. कुठल्याही प्रश्नाला माझ्याकडे आकडा असला की मला बरं वाटतं. हा माझा जुना दोष आहे.

शुक्रवारी सकाळी दहाच्या ठोक्याला सीताबर्डीला तिकीटवाल्याच्या दारात उभा होतो. त्याने शटर वर केलं, पंखा लावला, माझं ऐकलं आणि हसला.

"काका, ते अंतर हाये, विमान नाही. नागपुरातून टोरंटोले थेट काहीच उडत नाही. एक तर दोहा, नाहीतर दिल्ली-मुंबईहून पुढं. उतरा, थांबा, परत चढा. घरातून निघून लेकीच्या दारात पोचेपर्यंत सत्तावीस-अठ्ठावीस तास धरा."

आता मी काय सांगू? नव्याने भरती झालेल्या प्रत्येक पोराला मी हेच शिकवत आलो होतो. नकाशावर पट्टी ठेवून गाव तीन किलोमीटर दिसतं, मध्ये नाला असतो, टेकडी असते, पायी ते सात होतं. पट्टीवर विश्वास ठेवू नका. आणि स्वतःच्या मुलीच्या वेळी मी पट्टी ठेवून मोकळा झालो होतो. तिकीटवाल्यासमोर बसल्या बसल्या माझे कान गरम झाले.

सगळ्यात लवकर पोचवणारं तिकीट सोमवारच्या पहाटेचं निघालं. नागपूरहून पावणेचारला, दोह्याला सकाळी साडेपाचला, तिथून पावणेआठला पुढे, आणि टोरंटोला सोमवारीच दुपारी पावणेतीन. घड्याळं मागे जातात म्हणून ते इतकं सोपं दिसतं. दोनच जागा होत्या. ऐन वेळी काढल्यामुळे वेळेवर काढलेल्या तिकिटाच्या जवळजवळ दुप्पट पैसे गेले. तुम्हाला जायचं असेल तर दोन महिने आधी काढा आणि बाळंतपणासाठी जात असाल तर तारीख बदलता येणारंच काढा.

स्नेहलला फोन केला. "सोमवारी दुपारी उतरतो."

"शनिवारी-रविवारी नाही जमणार?"

"सीट नाही."

ती म्हणाली, "चालेल. मंगळवार आहेच."

मी सांगितलं ते खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. मी तिला म्हणायला हवं होतं की पंधरा तास चुकीचे होते, सत्तावीस लागतात, आमच्यासाठी थांबू नको, तू शनिवारीच करून घे. वाक्य जिभेवर होतं. ते मी गिळलं, कारण आठ महिन्यांत पहिल्यांदा ती 'तुम्ही या' म्हणाली होती आणि ते मला हातचं जाऊ द्यायचं नव्हतं.

कुंदाने तिच्या भीतीवर वेगळा उपाय शोधला. लकडगंजातून दोन किलो खारीक, डिंक, गोडंबी, खोबरं, खसखस, मेथ्या असं सगळं आणलं आणि दोन दिवस कढईसमोरून हलली नाही. बाळंतिणीचे डिंकाचे लाडू. मी म्हटलं, तिकडे सगळं मिळतं. ती म्हणाली, "लाडू मिळते का गा तिथं? गप बसा." बेचाळीस लाडू झाले. ते तिने तिच्या आईच्या स्टीलच्या डब्यात भरले. झाकणावर आईचं नाव कोरलेलं आहे, जसं आपल्याकडे सगळ्या भांड्यांवर असतं.

रविवारी जेवण करून निघालो. बॅगा गल्लीच्या तोंडापर्यंत ओढत नेल्या, तिथून टॅक्सी. महालातून विमानतळ अर्ध्या तासाचा रस्ता, साडेतीनशे रुपये. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी या म्हणतात. आम्ही चार तास आधी पोचलो आणि बंद काउंटरसमोर पहिला नंबर लावून उभे राहिलो. काउंटर उघडल्यावर कळलं की एक बॅग दीड किलो जास्त आहे.

"काका, दीड किलो काढा, नाहीतर जास्तीचे पैसे भरा," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

कुंदाने तिथेच फरशीवर बॅग उघडली, साड्यांखालून लाडवांचा डबा काढला आणि खांद्याच्या कापडी पिशवीत टाकला. वजन बरोबर झालं. मी तिला शाबासकीही दिली. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं इथून सुरू होतं.

विमानात आमच्या ओळीत तिसरा माणूस होता मनोज. चाळिशीचा, नागपूरजवळच्या कन्हानचा, दोह्याजवळ क्रेन चालवतो, सुट्टी संपवून परत निघालेला. दोन वाक्यांत आमचं गाव, काम, मुलगी सगळं विचारून झालं. जय भीम झाला. कुंदा विमानात पहिल्यांदाच बसली होती. विमान वर चढताना तिने माझा हात आणि त्याचा हात असे दोन्ही धरले होते. त्याची भरपाई म्हणून असेल, तासाभराने तिने डबा काढला आणि त्याला लाडू दिला.

"वा काकू! आमची माय असेच करते," म्हणत त्याने अर्धा लाडू तोंडात टाकला. मग चावता चावता थांबला. उरलेला अर्धा त्याने दिव्याखाली धरून पाहिला. "काकू, याच्यात खसखस हाये काय?"

"हाये नं. खसखशीशिवाय लाडू कसा होईन?"

"अरे बाप्पा." तो माझ्याकडे वळला. "काका, खसखस दोह्यात चालत नाही. आखातात बंदीच हाये. अफूच्या बोंडातली राहते नं ती, म्हणून तिले त्याच कायद्यात धरतात."

मला आधी वाटलं तो गंमत करतो आहे. पण त्याचा चेहरा तसा नव्हता.

"पण आम्ही तिथं राहणार नाही, फक्त विमान बदलतो," मी म्हटलं.

"मोठ्या बॅगेत असती तर काही नव्हतं, ती सरळ टोरंटोले जाते. पण हातातली पिशवी तिथं पुन्हा मशीनमधून जाते. सापडली तर बसवतील, विचारतील. सोडतीलही, पण तुमचं विमान तुमच्यासाठी थांबते का?"

माझ्या डोक्यात आकडे फिरायला लागले. मध्ये सव्वादोन तास. ते विमान चुकलं तर पुढचं दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे टोरंटोला मंगळवारी दुपारी. स्नेहलचं ऑपरेशन मंगळवारी सकाळी आठला. ती आमच्यासाठी थांबलेली, आणि आम्ही डिंकाच्या लाडवांपायी दोह्याच्या कुठल्यातरी खोलीत बाकावर बसलेलो.

"फेकून दे," मी कुंदाला म्हटलं.

"दोन दिवस खपली मी."

"कुंदा, फेक म्हणतो नं."

"लेकीच्या बाळंतपणाले मी हात हलवत जाऊ? तिचं तिथं कोण हाये? तुमी काहून असे बोलून राहिले?" तिने डबा मांडीवर घट्ट धरला आणि खिडकीकडे तोंड केलं. मीही आवाज चढवला. तीस हजार फुटांवर आम्ही नवरा-बायको लाडवांवरून भांडत होतो आणि पुढच्या सीटवरचे लोक मान वळवून पाहत होते. मला लाज वाटत होती, पण त्याहून जास्त भीती वाटत होती.

शेवटी मनोजच हळू आवाजात म्हणाला, "काकू, पोरीले लाडू पाहिजे का माय पाहिजे?"

कुंदा उठली. हवाई सुंदरीला काय सांगायचं ते मनोजने हिंदीत सांगितलं. तिने काही न विचारता मोठी कचऱ्याची पिशवी पुढे केली. कुंदाने एकेचाळीस लाडू त्यात टाकले, एकेक करून. डबा मात्र तिने दिला नाही. तो आणि आपली कापडी पिशवी घेऊन ती विमानाच्या संडासात गेली आणि पंधरा मिनिटं बाहेर आली नाही. बाहेर रांग लागली, एकाने दार वाजवलं. आली तेव्हा ब्लाउजच्या बाह्या ओल्या होत्या, डबा साबणाने घासून कागदाने पुसलेला होता आणि पिशवी उलटी करून शिवणीशिवणीतून झटकलेली होती.

"अन् मी खाल्लेला?" मनोज पोटावर हात ठेवून म्हणाला. "तो मशीनमध्ये दिसत नसंन नं?" कुंदाला हसू आलं. मला नाही आलं.

नागपूर ते दोहा साधारण अठ्ठावीसशे किलोमीटर, सव्वाचार तास. मला ते सबंध कालव्याची मोजणी पुन्हा करावी इतके लांब वाटले. उतरल्यावर मनोजचा रस्ता वेगळा होता. त्याने आम्हाला 'ट्रान्सफर' लिहिलेल्या पाटीखाली उभं केलं, "पाटी पाहत जा, कोणाले विचारू नका, घाबरून विचारलं तर चुकीचं समजते," असं सांगितलं आणि गेला. हा सल्ला मी तुम्हालाही देतो.

तपासणीच्या रांगेत कुंदा पुटपुटत होती. जरा कान दिला तर त्रिशरण चाललं होतं. माझी बॅग गेली, माझा पट्टा गेला, बूट गेले. मग कुंदाची पिशवी आत गेली आणि सरकता पट्टा थांबला. पडद्यासमोरच्या माणसाने मान पुढे घातली. पट्टा मागे घेतला, पुन्हा पुढे घेतला. मग पिशवी उचलून बाजूच्या टेबलावर ठेवली आणि आम्हाला बोट केलं.

खरं सांगतो, एक दाणा राहिला असेल शिवणीत, असंच वाटलं. त्याने डबा उघडला आणि वास घेतला. साबणाचा वास येत होता, रिकामा डबा आणि साबणाचा वास, मलाच तो संशयास्पद वाटला. मग त्याने तळातून जुन्या मऊ धोतरात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. वजनदार. सोडलं तर आतून दगड निघाला. बाळाला गुटी उगाळून द्यायची सहाण! कुंदाने ती कधी टाकली होती ते मला माहीतच नव्हतं.

"स्टोन?" तो म्हणाला.

"स्टोन," मी म्हटलं.

"व्हाय?"

याचं उत्तर इंग्रजीत काय द्यायचं? "बेबी," मी म्हटलं. "मेडिसिन." आणि हवेत उगाळून दाखवलं. त्याने दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. घड्याळ पुढे चाललं होतं. दहा मिनिटं, पंधरा, वीस. तिसरा वयस्कर होता, आपल्याच दक्षिणेकडचा असावा. त्याने सहाण हातात घेतली, पालथी करून पाहिली, कुंदाकडे पाहिलं आणि हिंदीत विचारलं, "बच्चे की घुट्टी?"

"हाव!" कुंदा जवळजवळ ओरडलीच. "लेकीचं लेकरू!"

तो हसला आणि त्याने स्वतः सहाण धोतरात गुंडाळून परत ठेवली. आम्ही बूट हातात घेऊनच पळालो. त्या विमानतळाच्या आत छोटी रेल्वे धावते, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेते, फुकट आहे. चालत गेलात तर वीस मिनिटं धरा. आम्ही गेटवर पोचलो तेव्हा लोक चढायला लागले होते.

रांगेत उभ्या उभ्या विमानतळाचं वायफाय जोडलं. स्नेहलचा मेसेज आलेला होता, पाचच मिनिटांपूर्वीचा. 'सगळं ठीक आहे. आरामात या. आईला झोपायला सांगा.' मी तो कुंदाला वाचून दाखवला. तिकडे मध्यरात्र उलटलेली होती. एवढ्या उशिरापर्यंत ही जागी कशी, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मला फक्त 'ठीक आहे' दिसलं आणि मी मोबाईल खिशात टाकला.

दोहा ते टोरंटो जवळपास अकरा हजार किलोमीटर, चौदा तास. ज्यांनी इतका लांबचा प्रवास केला नाही त्यांच्यासाठी सांगतो: पायांत घट्ट मोजे घाला, दर दोन तासांनी उठून मागच्या बाजूला फेरी मारा, पाणी मागून घ्या, शाकाहारी असाल तर जेवण तिकिटाबरोबरच सांगून ठेवा. बाहेर काही पाहण्यासारखं नसतं; खिडक्या बंद करून सगळ्यांना झोपवतात. समोरच्या छोट्या पडद्यावर नकाशा असतो. कुंदा झोपली आणि मी तो नकाशा पाहत बसलो. विमानाचं इवलंसं चित्र, मागे पडलेली रेघ, खाली उरलेलं अंतर. काळ्या समुद्राजवळ जेवण आलं. उरलेलं अंतर आठ हजार आठशे. मी चिकन मागितलं, कुंदाचंही थोडं खाल्लं आणि चवीने खाल्लं. हे जेवण माझ्या मनातून अजून जात नाही. का ते सांगतो.

टोरंटोला विमान वेळेवर टेकलं. लोक अजून उठलेही नव्हते, मी मोबाईल चालू केला. पहिला मेसेज स्नेहलच्या शेजारणीचा, हरप्रीतचा. ती आम्हाला न्यायला येणार होती. एक फोटो होता. काचेच्या पेटीत एक बाळ, नाकाला नळी, डोक्यावर टोपी. खाली लिहिलं होतं, 'मुबारक हो अंकल, बेटी हुई है. स्नेहल ठीक है.'

कुंदाने फोटो पाहिला आणि म्हणाली, "हे कोणाचं?"

मी मेसेजवरची वेळ पाहत होतो. तिथल्या पहाटे तीन वाजून वीस मिनिटं. मी मनातल्या मनात सात तास मिळवले, दोह्याची वेळ काढली, सुटल्यापासूनचे तास मोजले. काळा समुद्र. चिकन.

परदेशी नागरिकांच्या रांगेत दीड तास गेला. अधिकारी बाईने विचारलं, कशासाठी आलात? कुंदाने तिला मोबाईलमधला फोटोच दाखवला. तिने शिक्का मारला. बाहेर हरप्रीत उभी होती, पन्नाशीची, उंच, डोळे लाल झालेले. रात्रभर ती दवाखान्यात होती. गाडी मोठ्या रस्त्याला लागली. सहा पदरी रस्ता, हॉर्न नाही, खड्डा नाही, दोन्ही बाजूंना मक्याची शेतं. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी त्या रस्त्यावर दोन परिच्छेद लिहिले असते.

काय झालं ते हरप्रीतने गाडीतच सांगितलं. रविवारी रात्री दहाला स्नेहलचं डोकं दुखायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. हरप्रीतने तिला दवाखान्यात नेलं. बीपी खूप चढलं होतं. आम्हाला 'आरामात या' असा मेसेज तिने तिथल्या पलंगावरून पाठवला होता, सलाईन लावलेल्या हाताने. "डॉक्टर ने तो शनिवार को ही बोला था," हरप्रीत पुढे पाहत, अगदी सहज म्हणाली. "ये मानी नहीं. बोली, मम्मी-पापा आ रहे हैं, उनके आने के बाद."

मागच्या सीटवर कुंदा रडत होती, सुटल्यासारखी, आनंदानेही. मी पुढच्या सीटवर बसून रस्त्यावरच्या पाट्या वाचत होतो. एकही पाटी आता आठवत नाही.

स्नेहल पलंगावर होती, चेहरा सुजलेला, ओठ पांढरे. कुंदाने तिचं डोकं छातीशी धरलं. मी पायांशी उभा राहिलो.

"ठीक आहे म्हणून का लिहिलंस?" मी विचारलं. विचारायचं काहीतरी दुसरंच होतं.

"मग काय लिहू? चौदा तास विमानात आई काय करणार होती?" ती थकलेली हसली. "पोचले नं तुम्ही. बस."

बाळ पाच दिवस काचेच्या पेटीत राहिलं आणि मग घरी आलं. आज ती गुटगुटीत आहे, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहणार नाही. आम्ही तीन महिने राहिलो. तिथल्या भारतीय दुकानात खसखस उघड्यावर, पाकिटात, तीन प्रकारची मिळते. कुंदाने पुन्हा लाडू केले. थंडी पडायला लागली, झाडं आधी लाल झाली मग रिकामी झाली, नातीने माझं बोट धरायला शिकून घेतलं. मोठा धबधबा एकदा पाहून आलो. हरप्रीतच्या घरी सावजी मसाल्याचं मटण केलं, ती तीन ग्लास ताक प्यायली. या सगळ्यावर वेगळं लिहिता येईल, पण माझ्याच्याने लिहवत नाही, कारण ते तीनही महिने मी रोज एक वाक्य तयार करत होतो आणि रोज परत ठेवत होतो. ती अंगाई म्हणायची, भांडी घासायची, माझ्याकडे पाहून हसायची, आणि मला वाटायचं, हिला कळलं तर? एका आकड्यासाठी, स्वतःचं बरोबर ठरावं म्हणून मी ते पंधरा तास बोललो आणि ही त्या भरवशावर दोन दिवस जास्त थांबली. काहीही झालं असतं.

डिसेंबरच्या मध्याला परत आलो. येताना तेच अंतर, तेच तास, पण कसलीच घाई नव्हती. नागपूरला सकाळी उतरलो. गारठा छान होता. टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी थांबली, बॅगा ओढत नेल्या, कुलूप काढलं. घराला बंद घराचा वास येत होता. कुंदा खिडक्या उघडत होती. मी खुर्चीवर बसलो आणि पोचल्याचं सांगायला स्नेहलला फोन लावला.

"पोचलो."

"किती तास लागले?" तिने विचारलं.

तिने सहज विचारलं असेल. पण मला ते वाक्य आता परत ठेवता आलं नाही. मी म्हटलं, "स्नेहल, ते पंधरा तास मी मोबाईलवर पाहून सांगितले होते. चुकीचे होते. मला शुक्रवारीच कळलं होतं, तरी मी तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू शनिवारी करून घेतलं असतं. ते सगळं माझ्यामुळे झालं."

पलीकडून आधी बाळाचा आवाज आला, आणि मग तिचा.

"बाबा, सहा वर्षांत चार वेळा मी नागपूरला आले. मला माहीत नाही का किती वेळ लागतो?"

चारही वेळा मी तिला विमानतळावर आणायला गेलो होतो. बॅग हातात घेतली होती, टॅक्सीवाल्याशी भाव केला होता, आई वाट पाहते म्हटलं होतं. किती तास बसून आलीस, हे एकदाही विचारलं नव्हतं.

"मग विचारलं काहून तू मले?" माझ्या तोंडून घरची बोली निघून गेली.

"मी वेळ नव्हते विचारत," ती म्हणाली. "तुम्ही या, असं मला म्हणता येत नव्हतं."

मी फोन कुंदाला दिला.